हलत्या सांध्याला कोरडे ठेवायचे तर

४५ मीटरहून लांब इमारत सहसा एकसलग बांधू नये, तिच्यात एक किंवा अधिक प्रसरण सांधे ठेवावेत, असे आयएस ४५६ ही काँक्रीटची भारतीय संहिता सांगते. त्यामुळे मुंबई, पुणे, नाशिक किंवा नागपूर, कुठल्याही शहरातल्या जरा ऐसपैस सोसायटीत ए विंग आणि बी विंग यांच्यामध्ये २५-३० मिलिमीटरची एक उभी फट असते. फटीच्या दोन्ही बाजूंना वेगळे खांब, वेगळ्या तुळया, वेगळे स्लॅब. बाहेरून एक दिसणाऱ्या इमारतीत प्रत्यक्षात दोन इमारती शेजारी शेजारी उभ्या असतात. बोलताना सगळे या फटीला 'एक्स्पान्शन जॉइंट' म्हणतात आणि तिची आठवण निघते ती बहुधा भिंतीला ओल आल्यावर. मग उन्हाळ्यात कमिटीपुढे कोटेशन येते, जुना मसाला खरवडून नवा भरला जातो, एखाददुसरा पावसाळा बरा जातो आणि पुन्हा पोपडे धरतात. दोष कधी मसाल्याच्या कंपनीला, कधी ठेकेदाराला दिला जातो. दोघांचीही चूक असू शकते, पण मला खरी चूक त्याच्या आधीची वाटते. फट बुजवली की पाणी अडेल, या समजुतीवरच सगळे काम उभे असते. जी फट हलण्यासाठीच ठेवलेली आहे ती बुजवून पाणी अडत नाही. पाणी तिच्यापर्यंत पोहोचू नये अशी आधी व्यवस्था करावी लागते, पोहोचलेच तर त्याला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते, आणि मसाल्याचा विचार त्यानंतर येतो.

ही फट हलते म्हणजे नेमकी किती, याचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. काँक्रीट तापले की किती वाढणार हे मुख्यतः त्यातल्या खडीवर ठरते. आयएस ४५६ मध्ये त्याचा तक्ताच दिला आहे. त्यात क्वार्टझाइटच्या खडीचे काँक्रीट सर्वांत जास्त वाढते, चुनखडीचे सर्वांत कमी, आणि आपल्या दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचे कमीच्या बाजूला येते. एका अंशामागे, दर मीटर लांबीला, साधारण ०.००८ ते ०.००९५ मिलिमीटर. आकडा क्षुल्लक वाटतो. आता प्रत्येकी ४५ मीटर लांबीच्या दोन विंग घ्या. प्रत्येक विंग ढोबळमानाने आपल्या मध्यापासून दोन्ही टोकांकडे पसरते, म्हणजे मधल्या सांध्याच्या वाट्याला इकडची साडेबावीस आणि तिकडची साडेबावीस मिळून ४५ मीटरची हालचाल येते. मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांच्यात गच्चीच्या स्लॅबचे तापमान ३० अंशांनी बदलते असे धरले, तर ४५ गुणिले ०.००९ गुणिले ३०, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर. नकाशात २५ मिलिमीटर दाखवलेली फट प्रत्यक्षात कडक उन्हाळ्यात १९ आणि थंडीत ३१ मिलिमीटर असते. मुंबईत हवेचे तापमान एवढे खालीवर होत नाही हे खरे. पण गच्ची हवेपेक्षा उन्हाने जास्त तापते, आणि उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग भर दुपारी ६० अंशांच्या घरात जाऊ शकतो. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळा आणि हिवाळा यांच्यातले अंतरच मोठे असल्याने तिथला सांधा याहून जास्त हलतो. कोकणातला सांधा तुलनेने कमी हलतो, मात्र त्याला पाऊस कितीतरी जास्त सोसावा लागतो.

तापमानाची ही हालचाल ये-जा करणारी असते. हिच्याखेरीज दुसरी एक हालचाल आहे जी एकाच दिशेने होते. काँक्रीट सुकते तसे ते आकसत जाते. दुसरी माहिती नसेल तेव्हा एकूण आकसणे ०.०००३, म्हणजे दर मीटरला ०.३ मिलिमीटर धरावे असे संहितेत म्हटले आहे. ४५ मीटरला हे साडेतेरा मिलिमीटर झाले. आतल्या सळ्या आणि खालचे खांब त्याला काही प्रमाणात रोखून धरतात, शिवाय बराच भाग बांधकाम चालू असतानाच उरकतो. तरी ताबा मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सांधा थोडाथोडा रुंदावतच असतो. अगदी नव्या इमारतीतला चांगला भरलेला सांधा दोन-तीन वर्षांत काठ सोडतो, त्यामागे पुष्कळदा हे साधे कारण असते.

आता मसाल्याकडे, म्हणजे सीलंटकडे वळू. प्रसरण सांध्यात वापरायच्या सीलंटला ताणण्या-दबण्याची ठरावीक मर्यादा असते. चांगल्या पॉलीसल्फाइड किंवा पॉलीयुरेथेन सीलंटच्या डब्यावर ती बहुधा २५ टक्के अशी लिहिलेली असते, काही पॉलीयुरेथेन आणि बऱ्याच सिलिकॉनची ५० टक्के. भरताना फटीची जी रुंदी होती तिच्या एवढे टक्के तो ताणला जाईल किंवा दबेल, असा त्याचा अर्थ. भरताना जी रुंदी होती, हे शब्द महत्त्वाचे आहेत. वरच्याच उदाहरणातला सांधा मधल्या ऋतूत, २५ मिलिमीटर असताना भरला, तर त्याला दोन्ही दिशांनी सहा मिलिमीटर हलायचे आहे. हे २४ टक्के होतात आणि २५ टक्क्यांचा सीलंट जेमतेम पुरतो. तोच सांधा थंडीत, ३१ मिलिमीटर असताना भरला, तर उन्हाळ्यात तो १२ मिलिमीटर दबेल, म्हणजे ३९ टक्के. आणि मे महिन्याच्या दुपारी, फट १९ मिलिमीटरवर आलेली असताना भरला, तर पुढे त्याला १२ मिलिमीटर ताणायचे आहे. हे झाले ६३ टक्के. २५ टक्क्यांचा सीलंट इथे टिकत नाही आणि ५० टक्क्यांचाही अपुरा पडतो. आपल्याकडे गळतीची कामे नेमकी कधी निघतात? एप्रिल-मे मध्ये, पावसाळ्यापूर्वीची तयारी म्हणून. वर्षातल्या सर्वांत अरुंद फटीत मसाला भरायचा, आणि जूनच्या पहिल्या सरींनी गच्ची गार पडली की फट उघडू लागणार, तीही नेमकी पाणी पडत असताना. ही सवय सोडवेल तो सोसायटीचा सर्वांत मोठा खर्च वाचवेल असे मला वाटते. काम डिसेंबर-जानेवारीत, नाहीतर फेब्रुवारीच्या सकाळी करावे. तेव्हा काँक्रीट कोरडे असते, फट रुंद असते, आणि पुढे सीलंटला मुख्यतः दबायचे असते. दबलेला सीलंट सहसा काठ सोडत नाही, ताणलेला सोडतो.

भरण्याची पद्धत हा दुसरा कच्चा दुवा आहे. सीलंट दोन्ही काठांना चिकटलेला असावा, तळाला मात्र चिकटू नये. तळही धरला की त्याला मोकळेपणी ताणता येत नाही, मग तो मध्येच फाटतो किंवा एका काठापासून सुटतो. म्हणून फटीत आधी फोमचा गोल दोर, ज्याला बॅकर रॉड म्हणतात तो, दाबून बसवायचा. सीलंट त्याच्यावर भरायचा, आणि त्याची जाडी रुंदीच्या साधारण निम्मी ठेवायची. २५ मिलिमीटर फटीला १२-१३ मिलिमीटर पुरते. प्रत्यक्षात दोर न घालता फट मिळेल तितक्या खोलवर गच्च भरण्याकडे कल असतो. जाड मसाला म्हणजे मजबूत मसाला, असा त्यामागचा समज. वास्तविक मसाला जितका जाड तितका तो ताठ, आणि जितका ताठ तितका तो काठ ओढून तोडणार. त्यातून फटीत आधीच काय काय असते तेही पाहायला हवे. स्लॅब ओतताना मध्ये घातलेला थर्माकोल, शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे, गळून घट्ट बसलेला सिमेंटचा माल. या मालाने दोन इमारती एखाद्या ठिकाणी जोडल्या गेलेल्या असतील, तर तिथे सांधा असून नसल्यासारखा आहे, आणि हालचाल शेजारच्या भिंतीत तडा पाडून आपली जागा करून घेते. रहिवाशाला दिसतो तो तडा. तो पुट्टी लावून बुजवला जातो, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा उमटतो.

सीलंट उत्तम, भरलाही नीट आणि भरला तो योग्य ऋतूत, एवढे सगळे जमले असे समजू. तरी एका ओळीच्या मसाल्यावर भिस्त ठेवणे मला पटत नाही. त्याचे कारण पाणी आत कसे शिरते यात आहे. पाणी आत जायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पाणी, छिद्र आणि पाण्याला आत ढकलणारे बळ. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले जी. के. गार्डन यांनी १९६३ साली एका छोट्या टिपणात हे स्वच्छ मांडले. इमारतीला एकही छिद्र राहू द्यायचे नाही ही वर्षानुवर्षे पाळायला अशक्य अट आहे. त्यापेक्षा बळावर उपाय करा, असा त्यांचा रोख होता. बळे नेहमीचीच: गुरुत्वाकर्षण, थेंबाचा वेग, बारीक भेगेतून पाणी ओढणारे केशाकर्षण, आणि वाऱ्याचा दाब. शेवटचे बळ आपण फार कमी लेखतो. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या आयएस ८७५ मधल्या सूत्राप्रमाणे वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये दाब मिळतो. पावसाळ्यातल्या झोतात ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, हा वेग काही अप्रूप नाही. त्याचा दाब २४० न्यूटन होतो आणि तेवढा दाब पाण्याला सुमारे २४ मिलिमीटर उंच चढवू शकतो. मुंबईसाठी याच संहितेत मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे. त्या वेगाला पाणी जवळजवळ १२ सेंटिमीटर चढेल. म्हणजे काठावर केसाएवढी जरी फट उरली, तरी बाहेर साचलेले पाणी वारा तिच्यातून आत आणि वरच्या दिशेनेही लोटतो. बादलीने पाणी ओतून पाहिले तेव्हा गळत नव्हते, आणि झड आली की गळते, ही नेहमीची तक्रार यामुळे असते.

कोकणातल्या जुन्या घरांनी हा प्रश्न पूर्वीच सोडवलेला आहे, आणि तोही कुठल्याही मसाल्याशिवाय. मंगलोरला बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून निघू लागलेली मंगलोरी कौले पुढे रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत सगळीकडे चढली. अशा छपरात शेकडो सांधे असतात आणि त्यांतला एकही चिकटवलेला नसतो. कौल कौलावर नुसते चढलेले असते, खाली अडकवलेले असते, आणि उन्हात-पावसात मोकळे हलते. छप्पर गळत नाही कारण उतार पाण्याला थांबू देत नाही, वरचे कौल खालच्यावर पुरेसे चढते, आणि कडेच्या खाचेत शिरलेले थोडेसे पाणी त्याच खाचेतून पुढे निघून जाते. झडीसाठी पडवीला झापे लावत, तीही वाऱ्याचा जोर मोडायलाच. गार्डन यांनी ज्याला शास्त्राची भाषा दिली ते या छपरात आधीपासून होते. सपाट गच्ची आली तसा उतार गेला आणि उताराबरोबर हे शहाणपणही गेले. उरले ते डांबर, आणि पुढे डांबराच्या जागी सीलंट.

सपाट गच्चीवर हे परत आणता येते, आणि त्यात अवघड असे काही नाही. पहिली गोष्ट उताराची. सह्याद्रीच्या धारेवर पडलेले पाणी जसे अर्धे कोकणात आणि अर्धे देशावर उतरते, तसा गच्चीचा उतार सांध्यापासून दोन्हीकडे जायला हवा, म्हणजे सांधा माथ्यावर राहील. बऱ्याच गच्च्यांवर नेमके उलट असते. दोन्ही विंगचा उतार मध्ये येतो, कारण खाली जाणारा पाइप एकच ठेवून खर्च वाचवलेला असतो. सांध्यावरून पाणी ओलांडून न्यायचे आणि वर तो गळू नये अशी अपेक्षा करायची, हे मागणे जरा जास्तच आहे. दुसरी गोष्ट उंचीची. फटीच्या दोन्ही काठांवर स्लॅबमधूनच उचललेली, तयार फरशीच्या वर निदान १५ सेंटिमीटर राहील अशी काँक्रीटची पट्टी, म्हणजे कर्ब, हवा. वाऱ्याच्या दाबाचा वरचा हिशेब पाहिला की ही १५ सेंटिमीटर कुठून येतात ते कळते. गच्चीवरचे ब्रिकबॅट कोब्याचे वॉटरप्रूफिंग कर्बपाशी गोल वाटा देऊन वर चढवायचे आणि तिथेच संपवायचे. कोबा सांध्यावरून सरळ पलीकडे नेला की पहिल्याच उन्हाळ्यात तो सांध्याच्या रेषेवर फुटतो. चायना चिप्सच्या गच्चीवर अशी सरळ भेग दिसली तर खाली काय आहे ते ओळखावे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढे पाणी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर होते, आणि जाळीत एक प्लास्टिकची पिशवी अडकली तरी तळे साचते. फरशीच्या पातळीतला सांधा तेव्हा पाण्याखाली असतो. कर्बवरचा सांधा निदान काही काळ पाण्याबाहेर राहतो.

कर्बच्या माथ्यावर दोन थर हवेत. वरचा पत्र्याचा किंवा काँक्रीटच्या टोपीचा, जो ऊन आणि थेट पाऊस झेलतो. त्याला एकाच बाजूने पक्के करायचे आणि दुसऱ्या बाजूने मोकळे सरकू द्यायचे. ॲल्युमिनियम काँक्रीटच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावते, त्यामुळे दोन्हीकडून स्क्रूने आवळलेली पट्टी एकतर वाकते नाहीतर स्क्रू उपटते. शिवाय ओल्या सिमेंटशी थेट संबंध आला की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून मध्ये काहीतरी अस्तर लागते. खालचा थर लवचीक रबराच्या पट्ट्याचा, ईपीडीएमसारख्या. तो ताणून बसवायचा नाही. फटीत झोळी करून सैल सोडायचा, म्हणजे फट उघडली की झोळी उथळ होते आणि मिटली की खोल. पत्र्याखालून जे थोडे पाणी आत येईल ते या झोळीत पडते, आणि झोळीला टोकाकडे उतार दिलेला असेल तर तिथून बाहेर जाते. बाहेर जाण्याचे हे तोंड ठेवायला लोक विसरतात, आणि मग झोळी म्हणजे पाणी साठवायची पिशवी होते. पत्र्याच्या कडेला सीलंट जरूर लावावा. पण आता त्याच्यावर सगळा भार नाही. तो दोन वर्षांनी सुटला तरी घरात पाणी येत नाही, आणि सुटलेला दिसतो तेव्हा सावकाश बदलता येतो.

सर्वांत जास्त गळती मात्र या सरळ भागात नसते. ती असते वळणावर, जिथे गच्चीचा आडवा सांधा पॅरापेटला भिडतो, त्याच्यावर चढतो आणि बाहेरच्या भिंतीच्या उभ्या सांध्यात उतरतो. गच्चीचे काम एका ठेकेदाराचे, भिंतीच्या रंगाचे दुसऱ्याचे, आणि पॅरापेटचा माथा कुणाचाच नाही. तिथे तुटलेल्या पट्ट्यातून शिरलेले पाणी फटीतून खाली उतरते, वाटेत चौथ्या मजल्यावर अडकलेल्या मालाच्या गोळ्यावर थबकते आणि आडवे होऊन भिंतीत शिरते. वरचा मजला कोरडा, मधला ओला. मग तपास चुकीच्या घरापासून सुरू होतो, बाथरूमच्या फरश्या फुटतात, शेजाऱ्यांत कटुता येते. म्हणून एकदाच, पण सगळा सांधा: गच्ची, पॅरापेटचा माथा आणि भिंत यांवरून पट्टा अखंड जाईल असे काम एकाच हाताला द्यावे, हे मी सगळ्या तांत्रिक सूचनांच्या वर ठेवीन.

यावर पहिला आक्षेप सीलंट विकणाऱ्यांचा. आजचे सिलिकॉन वीस वर्षे टिकते, एवढा खटाटोप कशाला? सिलिकॉन उन्हाला खरोखरच दाद देत नाही. पण टिकते ते सिलिकॉन. काँक्रीटच्या काठाशी असलेली त्याची पकड वीस वर्षे टिकेलच असे नाही. पकड अवलंबून असते काठाच्या कोरडेपणावर, धूळ झाडण्यावर आणि प्रायमरवर, आणि परांचीवर लोंबकळत नवव्या मजल्यावर काम करणाऱ्या माणसाकडून हे तीनही प्रत्येक इंचाला होईल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. शिवाय काठच जर भुसभुशीत प्लास्टरचा असेल, तर सीलंट प्लास्टरला धरून राहतो आणि प्लास्टर काँक्रीटला सोडते. एकदा सिलिकॉन लावले की त्याचा अंश उरलेल्या काठावर दुसरे काही धड चिकटत नाही, रंगही नाही. त्यामुळे चांगला सीलंट वापराच, पण दुसऱ्या फळीच्या भरवशावर.

दुसरा आक्षेप मोलाचा आहे: सांधाच ठेवू नका. रेल्वेने रुळांमधल्या फटी काढून लांबच लांब जोडलेले रूळ टाकले. पुलांचे अभियंतेही आता जिथे जमेल तिथे सांध्याविना पूल बांधतात. मग इमारतीने का मागे राहावे? रुळाच्या बाबतीत स्लीपर आणि खडी त्याला जागच्या जागी धरून ठेवतात, आणि रोखलेल्या प्रसरणाचा ताण पोलाद सोसते. काँक्रीट दाब सोसते, पण आकसताना येणारा ताण त्याला सोसवत नाही. तरी लांब इमारतही सांध्याविना बांधता येते. त्यासाठी तापमानाचा आणि आकसण्याचा वेगळा हिशेब करावा लागतो, सळ्या वाढवाव्या लागतात, मध्ये एक पट्टा काही आठवडे न ओतता ठेवून आकसणे बरेचसे उरकल्यावर तो भरावा लागतो. ४५ मीटर ही लक्ष्मणरेषा नाही. संहितेनेच 'सामान्यतः' असे म्हटले आहे. नवी इमारत आखताना वास्तुविशारदाला हा प्रश्न जरूर विचारावा, कारण जो सांधा नाही तो गळत नाही. परंतु आज उभ्या असलेल्या इमारतींना याचा उपयोग नाही. उलट तिथे 'सांधा काढून टाकू' म्हणून फट काँक्रीटने किंवा नॉनश्रिंक ग्राऊटने भरणे सरळसरळ धोक्याचे आहे. इंग्रजी एल आकाराच्या इमारतीत सांधा पुष्कळदा भूकंपासाठीही ठेवलेला असतो. हादऱ्यात दोन भाग वेगवेगळ्या लयीत डोलतात, आणि अंतर अपुरे असले तर एकमेकांवर आदळतात. १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात हे मोठ्या प्रमाणावर दिसले. मुंबई आणि पुणे भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतात. तिथली फट कठीण मालाने बुजवणे म्हणजे कागदावर ठेवलेली सोय हाताने काढून घेणे.

एका ठिकाणी माझे सगळे म्हणणे लंगडे पडते, आणि ते म्हणजे तळघर. जमिनीखाली पाणी भिंतीला चहूबाजूंनी, सतत आणि दाबाने भिडलेले असते. दर मीटर खोलीला एक टन प्रति चौरस मीटर एवढ्या दाबाने. तिथे उतार नाही, वळचण नाही, पाण्याला वाट करून देणे म्हणजे पंप चालवत राहणे. अशा सांध्यात काँक्रीट ओततानाच मध्ये गाडलेला पीव्हीसीचा किंवा रबराचा वॉटर स्टॉप लागतो, मधोमध पोकळ नळी असलेला, म्हणजे ती नळी चपटी-लांब होऊन हालचाल सोसते. तो वाकडा बसला किंवा त्याच्याखाली काँक्रीट नीट कोंबले गेले नाही, तर नंतरची दुरुस्ती जवळजवळ इंजेक्शनच्या नशिबावर राहते. म्हणूनच तळघरात प्रसरण सांधा नेऊच नये हे बरे. जमिनीखाली तापमान फार बदलत नाही, आणि तापमानाचा सांधा पायातून नेण्याची गरजही नसते. तो जोत्याशी थांबवता येतो. पाया वेगवेगळा खचण्याची भीती असेल तेव्हाचा सांधा मात्र पायातूनच न्यावा लागतो.

भिंतीवरचे डाग हे या गळतीचे सर्वांत कमी नुकसान आहे. सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या खांबांचे आतले पृष्ठभाग एकमेकांपासून २५ मिलिमीटरवर असतात. तिथे हात जात नाही, प्लास्टर झालेले नसते, रंग कधी लागत नाही. फटीतून उतरणारे पाणी, किनाऱ्यावरच्या हवेतला खारटपणा आणि आतल्या भागात कधीच न पोहोचणारे ऊन यांमुळे सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि काँक्रीटचे कवच फोडतो. बाहेरच्या बाजूने खांब ठणठणीत दिसत असतो. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये हातोडीने ठोकून पाहतात ती बाजूही बाहेरचीच. सांध्यातून डोके काढणारा पिंपळ उपटला जातो तो रोपटे दिसते म्हणून. त्याची मुळे जिथपर्यंत गेली तिथपर्यंत ओल होती, याची नोंद कुणी घेत नाही. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी ऑडिट करायचे असते. त्या वेळी बारीक कॅमेरा फटीत सोडून आतले खांब पाहावेत असा आग्रह धरायला हरकत नाही.

खर्चाचा वादही इथेच मिटवता येतो. सांध्याला लागून असलेल्या घराने एकट्याने पैसे द्यायचे, असे काही कमिट्या सांगतात. पण पावसाच्या पाण्याची गळती थांबवणे हे उपविधींप्रमाणे सोसायटीचेच काम आहे, आणि सांधा दोन्ही विंगच्या सामाईक मालकीचा आहे. इमारत नवी असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामातला दोष विकासकाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. ही पाच वर्षे संपण्याआधीच्या हिवाळ्यात सांध्याची परीक्षा उरकून घ्यावी. गच्चीवर आधी एका विंगच्या बाजूला पाणी दोन दिवस साठवून ठेवायचे, मग दुसऱ्या बाजूला, दोन्ही पाण्यांत वेगवेगळा रंग मिसळून, म्हणजे खाली उतरले तर कुठून उतरले ते कळेल. भिंतीच्या सांध्यावर पाइपाने पाणी मारताना तळमजल्यापासून सुरुवात करून एकेक मजला वर जायचे. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळत सगळाच सांधा भिजवते आणि छिद्र कुठल्या मजल्यावर आहे ते कळत नाही. साठवलेले पाणी वाऱ्याचा दाब दाखवत नाही, त्यामुळे पाइपाची चाचणी गच्ची पास झाली तरी टाळू नये. आणि जे सापडेल ते फोटो, तारीख आणि मजल्याच्या क्रमांकासह विकासकाला लेखी कळवावे.